‘कुर्डुवाडीला लहान गाडीत बसलो’
* मढ गावाला रेल्वे नाही. माळशेजमार्गे कल्याण–नगर लोहमार्गाची मागणी मात्र जुनी. पंढरपूरला निघालेला इथला माणूस आधी पुणे गाठी, तिथून मोठ्या गाडीने कुर्डुवाडी. पुढची ‘लहान गाडी’ म्हणजे बार्शी लाइट रेल्वे. ती १९०६ साली पंढरपूरला पोचली. तिच्या रुळांतलं अंतर ७६२ मिलिमीटर, मोठ्या मार्गाचं १६७६. त्यामुळे डबे पुढे जात नसत. बोचकी, वीणा, झोपलेली पोरं, सगळं उतरवून पुन्हा चढवायचं. तिसरा रूळ टाकून दोन्ही गाड्या एका वाटेने नेता येतात खऱ्या. पण एक रूळ सामाईक, म्हणून अरुंद डबा एका अंगाला राहतो. ते अंग फलाटापलीकडचं असलं, तर म्हातारीने पाय टाकावा कुठे? शिवाय सांध्यांची गुंतागुंत वेगळीच. आता लहान गाडीचा मार्गही रुंद झाला आहे.