रुपयामागे एक आणा

'आमच्या वेळी कर्ज म्हणजे अब्रूचा प्रश्न होता, आणि हल्लीची पोरे फोनसुद्धा हप्त्याने घेतात,' ही तक्रार निवृत्त कामगारांच्या तोंडून मी नेहमी ऐकतो. मला ती अर्धीच खरी वाटते. मुंबईच्या गिरणगावात ज्या पिढीच्या काटकसरीचे गोडवे गायले जातात, ती मधली पिढी. तिच्या आधीची पिढी गळ्यापर्यंत कर्जात होती.

त्याचे कारण साधे होते. १९२०-३० च्या सुमारास गिरणीत पगार महिन्याचा, आणि तोही पुढच्या महिन्याच्या दहा ते पंधरा तारखेच्या दरम्यान. कोकणातून आलेला गडी एक तारखेला साच्यावर लागला, तर पहिला पैसा हाती पडायला सहा आठवडे. तोवर खानावळवाली व वाणी उधारीवर पोसणार. गावी मनीऑर्डर धाडायची तर पठाणापुढे हात पसरायचा. १९३१ च्या व्हिटले कमिशनच्या अहवालात (आमचे ना. म. जोशी त्याचे सभासद होते) व्याजाचा सर्रास दर रुपयामागे दरमहा एक आणा असा नोंदला आहे. एक आणा ऐकायला हलका. वर्षाला तो शेकडा ७५ होतो! पगाराच्या दिवशी पठाण सोटा घेऊन गिरणीच्या दारात. अशा माणसाला बचतीचा उपदेश करणारे पुष्कळ होते. पगार वेळेवर द्या असे मालकाला सांगणारे थोडे.

पुढे १९३६ च्या कायद्याने मोठ्या कारखान्यांना दहा दिवसांत पगार देणे भाग पडले. १९५२ साली प्रॉव्हिडंट फंड आला. त्याची मूळ वर्गणी किती? सव्वासहा टक्के, म्हणजे पुन्हा रुपयामागे एक आणाच. मात्र हा आणा कामगाराच्या नावावर जमा होत होता, आणि तेवढीच भर मालकाला घालावी लागत होती. काटकसरी पिढी घडली ती येथे. ज्यांना जमले त्यांनी बायकामुले चाळीत आणली, पोरे शाळेत घातली, पतपेढीचे सभासद झाले. या हिशेबात बायकांची भिशी कोणी धरीत नाही, हा आम्हा युनियनवाल्यांचा जुना दोष. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले आणि राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जे मिळवून दिली. सावकार सुटला तो बचतीने नव्हे, तर स्वस्त कर्जाने!

मग १८ जानेवारी १९८२ चा संप. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि पुष्कळांना गिरणीचे दार पुन्हा उघडले नाही. आधी पितळेची भांडी गेली, मग मंगळसूत्र गहाण पडले, शेवटी फंडही संपला. पंचवीस वर्षांची काटकसर वर्षा-दोन वर्षांत खर्ची पडताना ज्या मुलांनी पाहिली, ती आज बाप झाली आहेत. त्यांची मुले कंत्राटावर राबतात. अकरा महिन्यांपलीकडचे त्यांना दिसत नाही. त्यांना उधळे म्हणण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे.

वसुलीसाठी कारखान्याच्या दाराशी दबा धरून बसणे हा गुन्हा ठरवावा, अशी व्हिटले कमिशनची शिफारस होती; बंगालमध्ये १९३४ साली तसा कायदाही झाला. आता फोनवर घटकेत कर्ज मिळते, आणि हप्ता चुकला की वसुलीवाला कर्जदाराच्या मामाला, मेहुण्याला, मुकादमाला फोन लावतो. कर्ज देणाऱ्या ॲपने माणसाच्या फोनमधील नावांच्या यादीला हात लावू नये, असा नियम रिझर्व्ह बँकेला २०२२ साली करावा लागला. नियम झाल्यावरही असे फोन आलेली पोरे माझ्याकडे येतात, आणि पहिली विनंती करतात ती ही, की घरी वडिलांना यातले काही कळू देऊ नका.