यकृत, लिव्हर आणि १८३५ साल

पुतणी यंदा नर्सिंगला गेली. परवा फोनवर वैतागून म्हणाली, "काका, शाळेत यकृत पाठ केलं, इथे लिव्हर, आजार म्हटला की हिपॅटायटिस. एका अवयवाला किती नावं!" मी पडलो कोड लिहिणारा, काय सांगणार? पण शनिवार मोकळा होता, म्हणून वाचत बसलो. पहिलीच गंमत: हिपॅटायटिसमधला ग्रीक 'हेपार' आणि आपलं 'यकृत' हे मुळात एकाच शब्दाचे वंशज!

तर हा तंटा दोनशे वर्षं जुना आहे. पलटणींना देशी मदतनीस हवेत म्हणून कंपनी सरकारने १८२२ साली कलकत्त्यात नेटिव्ह मेडिकल इन्स्टिट्यूशन काढली. शिकवणं देशी भाषेत. पण शब्द कुठून आणायचे? तिथल्या पीटर ब्रेटनने १८२५ साली कोशच छापला: इंग्रजी, अरबी, फारसी, हिंदी, संस्कृत शेजारीशेजारी. आमच्या भाषेत लुकअप टेबल.

टेबल सोपं, घोळ आतल्या मजकुरात. आर्टरी म्हणजे धमनी, ठीक. पण सुश्रुताच्या २४ धमन्या नाभीतून निघतात आणि त्यातल्या काही शब्द, रूप, गंधही वाहून नेतात. म्हणजे शब्द जुना, अर्थ नवा भरलेला. (ग्रीकांनी तरी काय, आर्टरीत हवा असते असंच कित्येक वर्षं मानलं होतं.)

मुंबईतही १८२६ मध्ये मॅक्लेनन यांच्या हाताखाली अशी शाळा निघाली, १८३२ ला बंद पडली. कलकत्त्यात टायटलर देशी भाषांसाठी भांडला, पण समितीने इंग्रजीचा कौल दिला आणि १८३५ साली संस्था मोडून मेडिकल कॉलेज आलं. तोटाच झाला असं मी म्हणणार नाही. पुढच्याच वर्षी मधुसूदन गुप्तांनी तिथे शवविच्छेदन केलं. पण १८३९ ला त्याच कॉलेजात हिंदुस्तानीचा वर्ग काढावाच लागला! पलटणीला माणसं हवीच होती ना.

आमच्या घरी वडिलांचा रिपोर्ट 'निगेटिव्ह' आला तेव्हा आईने रडायला सुरुवात केली होती. समजावणारं कुणी नव्हतं.

पुतणीला म्हटलं, वहीत तीन रकाने कर: इंग्रजी, पुस्तकी मराठी, आणि पेशंट म्हणतो ते. रात्री तिचा मेसेज आला: "काका, पुस्तकात शीर म्हणजे व्हेन. पण कालच्या आजी म्हणाल्या मानेतली शीर दबलीय, ती तर नर्व्ह! कुठल्या ओळीत लिहू?"