खुरपणीच्या दिवसांतला वर्षावास

बुद्धांच्या काळी भिक्खू भर पावसातही गावोगाव फिरत. त्यांच्या पायांखाली हिरवे कोंब तुडवले जातात, बारीकसारीक जीव मरतात, अशी लोकांनी तक्रार केली आणि पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहायचं, असा नियम झाला. विनयपिटकात हे असंच नोंदलेलं आहे. आषाढी पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा, हा वर्षावास.

आमच्या हिंगोली जिल्ह्यात हा वर्षावास धरून ठेवलाय तो बायकांनी. आणि त्या याच तीन महिन्यांत याच कोवळ्या कोंबांमध्ये दिवसभर वाकलेल्या असतात, हातात खुरपं घेऊन. पाऊस म्हणजे भिक्खूंची विश्रांती, पण मजूर बाईची हीच ऐन हंगामाची वेळ. त्यामुळे आमच्याकडे वर्षावास आला तो रात्रीचा. भाकरी थापून, भांडी घासून झाल्यावरचा.

मी कळमनुरी तालुक्यातल्या एका वस्तीवर वाढले आणि पुढं जिल्हा परिषदेच्या शाळांत मास्तरकी केली. तेव्हा आमचा जिल्हा परभणी. हिंगोली वेगळा झाला १ मे १९९९ ला. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा दिली तेव्हा आमच्याकडचे थोडेच लोक तिथवर पोचले होते. निजामाचं राज्य जाऊन जेमतेम आठ वर्षं झालेली. दीक्षेनंतर घरातले देव गेले, मरीआईचं गेलं, पोतराज गेला. हे सगळं सोडलं हे लोक अभिमानानं सांगतात आणि सांगावंच. पण सोडल्यावर बायकांच्या हाती काय उरलं, हे फारसं कुणी विचारत नाही. व्रत नाही, ओवाळणं नाही, देवीचा वार नाही. पुरुषांना सभा होत्या, जलसे होते, निवडणुका होत्या. बायकांच्या वाट्याला जयंतीच्या दिवशी पांढरं लुगडं आणि वंदना.

ती जागा एका पुस्तकानं भरली. ‘बुद्ध अँड हिज धम्म’ हा बाबासाहेबांचा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये इंग्रजीत निघाला. मराठीत यायला १९७० उजाडलं. आमच्या वस्तीवर एकच प्रत होती, तीही परभणीला शिकणाऱ्या एका पोरानं आणलेली. वर्षावासात रोज रात्री समाजमंदिरात पाटावर पांढरं कापड, त्यावर ग्रंथ, पुढं मेणबत्ती, बाजूला कंदील. आधी त्रिशरण, पंचशील, मग वाचन, शेवटी तीनदा साधू.

वाचायला कोण? चाळीस बायांमध्ये सही करणारी एखादी. म्हणून शाळेत जाणाऱ्या पोरींना बसवायचे. मी सातवी-आठवीत असल्यापासून वाचत होते. निम्मे शब्द मला कळत नसत. प्रतीत्यसमुत्पाद आला की जीभ अडकायची आणि म्हाताऱ्या म्हणायच्या, ‘होऊ दे, पुढं चल.’ पण सिद्धार्थाच्या गृहत्यागाचं प्रकरण आलं की त्या पुढं जाऊच देत नसत. बाबासाहेबांच्या ग्रंथात सिद्धार्थ म्हातारा, रोगी आणि प्रेत बघून घर सोडत नाही. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडण पेटतं, तो लढाईला विरोध करतो आणि त्यातून त्याला घर सोडावं लागतं. पाण्यावरून भांडण म्हणजे काय, हे आमच्या बायांना समजावून सांगायची गरज नव्हती. आणि तो यशोधरेशी बोलून, तिची संमती घेऊन जातो. इथं दरवर्षी वाद व्हायचा. एक म्हणायची, विचारून तरी गेला. दुसरी म्हणायची, विचारलं तरी ती काय नाही म्हणणार होती? तिच्या पदरात पोर, घरात सासू-सासरे. कंदिलातलं रॉकेल संपेपर्यंत हे चालायचं. धम्मावर ग्रंथांतून पुष्कळ चर्चा मी नंतर वाचली, यापेक्षा नेटकी क्वचितच.

एक गोष्ट आमच्यातल्या काहींना आवडणार नाही, पण लिहितेच. पावसाळाभर पोथी लावायची रीत गावात आधीपासून होती. चातुर्मासात हरिविजय, पांडवप्रताप लागायचे. आमच्या आज्यांनी ते लांबून ऐकलेले, ओट्यावर बसायची मुभा नव्हती. पाट, पांढरं कापड, वाचक, शेवटच्या दिवशी प्रसाद, हा सगळा साचा तिथला. शिरड शहापूरला जैन मंडळींचाही चातुर्मास असतो. पावसात थांबून ऐकणं हे या मातीत कुणा एकाचं नाही. आमच्या बायांनी साचा घेतला आणि आत बसायचा हक्क स्वतःच स्वतःला दिला.

१९७८ चं वाचन मात्र अर्धवट राहिलं. त्या वर्षी २७ जुलैला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात झाला. आषाढी पौर्णिमा होऊन आठवडाच झालेला. मराठवाड्यात वस्त्या पेटल्या, नांदेड-परभणीकडं जास्तच. आमच्याकडं रात्री दिवा लावायचा नाही, असं ठरलं. माझ्या मायनं ग्रंथ फडक्यात गुंडाळून ज्वारीच्या कणगीत ठेवला. नाव मिळायला, तेही विस्ताराच्या रूपात, १४ जानेवारी १९९४ उजाडलं. वाचन तेवढं थांबलं नाही, पुढच्याच आषाढात ग्रंथ कणगीतून निघाला.

घर सोडून दोन-तीन दिवस राहायचं शिबिर ही नंतरची गोष्ट. ख्रिस्ती बायकांना ती वाट आधीच सापडली होती. पंडिता रमाबाई १८९५ च्या एप्रिलमध्ये शारदा सदनातल्या पंधराएक मुलींना घेऊन लोणावळ्याच्या प्रार्थना-मेळाव्याला गेल्या होत्या. घरकामातून, गावातून, नात्यातून बाजूला होऊन बाईनं देवाधर्माचा विचार करायचा, हे त्या काळी केवढं धाडस! त्याच लोणावळ्याजवळ, भाजे लेण्यांच्या पायथ्याशी, त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गणानं पुढं शिबिरांचं केंद्र उभं केलं. गणाचं काम १९७९ च्या सुमारास सुरू झालेलं. भारतीय बौद्ध महासभा तर बाबासाहेबांनीच १९५५ मध्ये स्थापलेली. तिच्या उपासिका शिबिरांची पद्धत आमच्या खेड्यांपर्यंत आली.

आमचं शिबिर शेतातल्या एका आखाड्यावर भरतं. पत्र्याचं शेड, विहीर, कडेला हळदीचं पीक. आश्विनात हळद छातीला लागते आणि पानं चुरगळली की हाताला वास राहतो. पहाटे पाचला वंदना, मग ध्यान, मग प्रवचन. दोन दिवस अष्टशील. दुपारनंतर जेवायचं नाही, दागिने-गजरे नाहीत, उंच पलंगावर निजायचं नाही. पहिल्या वर्षी भन्तेजींनी हे सांगितल्यावर मागून एक मावशी बोलली, ‘पलंग सोडायला आधी असावा लागतो, भन्ते.’ भन्तेजीही हसले. खरं अवघड जातं ते मौन. आणि त्याहून अवघड म्हणजे दोन दिवस दुसऱ्यानं वाढलेलं खाणं. बाया उठून ताटं उचलायला लागतात, त्यांना धरून बसवावं लागतं.

तारखेचं भांडण दरवर्षीचं. दसऱ्याच्या आसपास सोयाबीनची सोंगणी येते. गुत्तं घेतलं की बाई शिबिराला येत नाही आणि तिनं का यावं? सेनगाव तालुक्याकडच्या कित्येक जोड्या मुकादमाची उचल घेऊन बसलेल्या असतात, दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला, कोयत्यावर निघायच्या. वर्षावास संपतो आणि त्यांचा वनवास सुरू होतो. त्यामुळे आमच्याकडे शिबिर पौर्णिमेची वाट बघत नाही, सोंगणीच्या आधी जमेल ते दोन दिवस धरतं. विनयात हे बसत नाही, असं एका शहरातल्या विद्वानांनी मला सांगितलं. मूळ नियमच लोकांची गाऱ्हाणी ऐकून झाला होता, हे मी त्यांना सांगितलं.

२०११ च्या जनगणनेत हिंगोली जिल्ह्यात सुमारे १५ टक्के लोकांनी बौद्ध म्हणून नोंद केली. इतक्या वस्त्यांमध्ये वाचन चालतं, पण त्याचा लेखी इतिहास जवळजवळ नाही. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ लिहिलं म्हणून चळवळीतल्या बायकांची नावं तरी राहिली. रात्रीच्या वाचनाची वही कुणी ठेवली नाही. आता कंदील गेला, माईक आला. वाचणाऱ्या पोरी नर्सिंगला, डी.एड.ला गेल्या. त्यांच्या जागी पन्नाशीच्या बाया बोट ठेवून वाचतात. त्यातल्या काही अक्षरं इथंच शिकल्या, साक्षरतेच्या वर्गात नाही. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून औरंगाबादच्या बुद्धलेण्यांची सहलही निघते.

समारोपाला आश्विन पौर्णिमेला खीर, भोजनदान, ग्रंथाची मिरवणूक. तीन महिने एकही रात्र न आलेले पुरुष त्या दिवशी इस्त्रीचे कपडे घालून माईकपाशी रांग लावतात. फलकावर नावंही त्यांचीच. दोन वर्षांपूर्वी बायांनी कार्यक्रमपत्रिका स्वतः लिहिली आणि भाषणं जेवणानंतर ठेवली. पाहुण्यांचं बोलणं सुरू झालं तेव्हा मांडवात सतरंजी गोळा करणारी पोरं आणि समितीचे अध्यक्ष होते. गेल्या वर्षी भाषणं दोनच झाली, दोन्ही बायांची.