खानदेशातील क्रूसाची शिकवण

ख्रिस्ती श्रद्धेनुसार येशूचा क्रूसावरील मृत्यू म्हणजे मानवाच्या पापांसाठी केलेले बलिदान. मराठीत ही कथा ओवीबद्ध केली फादर थॉमस स्टीफन्स यांनी. त्यांचे 'क्रिस्तपुराण' गोव्यात १६१६ साली छापले गेले. खानदेशात मात्र ही शिकवण आणली मुख्यतः प्रोटेस्टंट मिशनऱ्यांनी. जळगाव-भुसावळकडे 'ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स' होते, तर १९०६ मध्ये वेगळ्या झालेल्या पश्चिम खानदेशात, म्हणजे धुळे-नंदुरबारकडे, 'स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन'ने भिल्ल, मावची वस्त्यांत काम केले. नवसाला कोंबडे-बकरे देणाऱ्या समाजाला बळीची कल्पना नवी नव्हती. देवच माणसासाठी बळी जातो, ही उलट दिशा नवी होती. पुढे ही कथा पुन्हा मराठी काव्यात आली: कवी नारायण वामन टिळकांचे अपुरे 'ख्रिस्तायन' त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. गुड फ्रायडेच्या उपासनेत आजही क्रूसावरील सात उद्गारांवर प्रवचने होतात.