हवेचे पिस्तुल आणि औंधचा धडा

आपल्या मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेत एका निवृत्त शिक्षकाने पिस्तुलाविषयी लिहावे, हे पाहून वडीलधाऱ्या मंडळींस थोडे नवल वाटेल. परंतु १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे ह्याने पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळविले, आणि त्यानंतर आपल्याकडच्या मुलांच्या तोंडी नवाच हट्ट ऐकू येऊ लागला : "मला नेमबाजी शिकावयाची आहे, पिस्तुल घेऊन द्या." माझ्या घरीही तो ऐकू आला. तो पुरविताना माझ्या हातून जी चूक घडली, ती इतर कुटुंबांत घडू नये, आणि ती टाळण्याची बुद्धी आपल्याच गावच्या इतिहासातून कशी मिळते हे दाखवावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

प्रथम आपल्या औंधची गोष्ट. श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे १९०९ साली गादीवर आले. व्यायामाची आवड त्यांना त्यापूर्वीपासूनच होती. १८९७ च्या सुमारास त्यांनी त्या काळी जगभर गाजलेल्या सँडो ह्या मल्लाची पुस्तके व व्यायामाची साधने मागविली आणि सुमारे दहा वर्षे त्या पद्धतीने नेमाने व्यायाम केला. पुढे १९०८ साली मिरजकर अधिपतींच्या सूचनेवरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले, ते कायमचे. ह्या व्यायामास उपकरण लागत नाही, खर्च लागत नाही. देहाएवढी जागा आणि रोजचा नेम एवढे पुरते. पुढे त्यांनी संस्थानातील शाळांतून नमस्कार सक्तीचे केले, आणि १९३८ साली त्यांचे ह्या विषयावरील इंग्रजी पुस्तक लंडनहून प्रसिद्ध झाले. विलायती साधन विकत घेण्याची ऐपत ज्याला होती, त्याच राजाने अनुभवांती असा निवाडा दिला की, आधी देह आणि नंतर साधन. हा निवाडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पिस्तुलाच्या निवडीत तोच उपयोगी पडणार आहे.

आता शस्त्राकडे वळू. १८७८ च्या शस्त्र कायद्याने ब्रिटिश मुलखातील हिंदी माणसास परवान्यावाचून शस्त्र बाळगणे अशक्य झाले. नेमबाजी ही शिकारी संस्थानिकांची, लष्कराची आणि साहेबाची करमणूक होऊन बसली. शाळकरी मुलाचा तिच्याशी संबंध उरला नाही. ती सामान्यांपर्यंत पोहोचण्यास स्वातंत्र्य यावे लागले. १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष झाले लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर. त्यांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील मावळंगे गावचे. आजही त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा भरते, आणि राष्ट्रीय स्पर्धेकडे जाणारी वाट नवोदितांना तेथे सापडते. १९५२ साली हेलसिंकी येथे आपल्या सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले, हे आपण मुलांना नेहमी सांगतो. त्याच ऑलिंपिकमध्ये हरिहर बॅनर्जी व सौरेन चौधरी हे भारताचे नेमबाजही उतरले होते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. खाशाबांनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूस वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळण्यास बहात्तर वर्षे लागली, आणि ते मिळाले नेमबाजीत, एका शिक्षकाच्या मुलाला.

हवेवर चालणारे शस्त्र ही काही आजची कल्पना नव्हे. १७८० च्या सुमारास जिरार्दोनी नावाच्या कारागिराने केलेली हवेची बंदूक ऑस्ट्रियाच्या सैन्याने वापरात आणली. तिच्या दस्त्यातच हवेची टाकी असे आणि एकामागून एक अशा सुमारे वीस गोळ्या तिच्यातून सुटत. परंतु टाकी भरण्यास शेकडो वेळा पंप मारावा लागे. विसाव्या शतकात हे शस्त्र युद्धातून खेळात आले. १९२४ साली बर्मिंगहॅमच्या वेब्ले कंपनीने आपले हवेचे पिस्तुल बाजारात आणले. त्यात दाबलेली स्प्रिंग सुटे, दट्ट्या पुढे धावे, हवा दाबली जाई आणि छर्रा बाहेर पडे. दोष एवढाच की, छर्रा नळीतून सुटण्यापूर्वीच दट्ट्याचा हिसका हाताला बसे. १९६५ साली जर्मनीच्या फाइनवेर्कबाऊ कंपनीने ह्यावर युक्ती काढली : बार होताच नळीसह वरचा भाग रुळावरून सरकावा आणि मूठ मात्र स्थिर राहावी. त्यानंतर एका दाबात हवा भरणारी पिस्तुले आली, कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्याची आली, आणि अखेर आज सर्वत्र दिसणारी, आधीच दाबून भरलेल्या हवेच्या नळकांड्याची आली. १९७० साली फिनिक्स येथील जागतिक स्पर्धेत हवेच्या पिस्तुलास स्थान मिळाले व १९८८ साली सोलच्या ऑलिंपिकमध्ये ते आले. २०२४ साली मनू भाकरने पॅरिसमध्ये पदक मिळविले ते ह्याच प्रकारात. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले ते मात्र २५ मीटरच्या, दारूच्या काडतुसाच्या पिस्तुलाचे. दोहोंत गल्लत होऊ नये.

ह्या साऱ्या इतिहासाचा मथितार्थ असा की, दोनशे वर्षे कारागिरांची धडपड एकाच गोष्टीसाठी चालली होती : बाराच्या क्षणी हात हलू नये. शक्ती वाढविणे हा तिचा हेतू नव्हता. दुकानातील जाहिरात मात्र नेमकी शक्तीचीच असते.

खेळाचे स्वरूप पाहिले म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. अंतर १० मीटर. कागदी लक्ष्य सतरा सेंटिमीटर चौरस, आणि त्यातील दहा गुणांचे वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचे, म्हणजे सदऱ्याच्या बटनाएवढे. छर्रा ४.५ मिलिमीटरचा. स्पर्धेत ७५ मिनिटांत ६० बार, आणि तेही एकाच हाताने, मनगटास कसलाही आधार न देता. सुमारे किलोभर वजन साठ वेळा, शिवाय सरावाच्या बारांसाठी, खांद्याच्या रेषेत उचलून धरावयाचे. महाभारतातील अर्जुनाला पक्ष्याचा डोळा तेवढा दिसला, असे मी वर्गात अनेक वर्षे सांगितले; परंतु पिस्तुलाच्या नेमबाजास दृष्टी लक्ष्यावर ठेवून चालत नाही. त्याने पुढची माशी आणि मागची खाच ह्यांवर नजर खिळवावी, आणि काळे वर्तुळ अंधुकच राहू द्यावे. हे मला नातीच्या मास्तरांकडून, साठी उलटल्यावर कळले.

आता माझी चूक. नववीतल्या माझ्या नातीने दोन महिने क्लबाच्या जुन्या पिस्तुलावर सराव केला होता आणि तिचे गुण हळूहळू वाढत होते. मी आनंदाच्या भरात बचतीतून एक नामांकित विलायती पिस्तुल घेतले. त्याची किंमत लाखाच्या पलीकडची होती. एका शहरातील दुकानदाराने विचारले, "मूठ लहान हवी की मध्यम?" आपण मुलांचे कपडे घेतो तसा विचार मी केला : मूल वाढत्या अंगाचे आहे, मध्यमच असू द्या. नातीस सोबत नेले नव्हते. तिला आश्चर्याचा धक्का द्यावयाचा होता. तिची बोटे त्या मुठीभोवती पुरेना, चापाशी बोटाचे टोक कसेबसे पोहोचे. छर्रे डावीकडे व खाली जाऊ लागले. तिने दोष पिस्तुलास दिला नाही, स्वतःस दिला. चार महिन्यांनी ती म्हणाली, "आजोबा, मला हे जमायचे नाही. तुमचे पैसे मात्र वाया गेले." चाळीस मुलांच्या वर्गात कोणाला पुढच्या बाकावर बसवावे हे ज्याला कळत होते, त्याला स्वतःच्या नातीचा हात मोजावा हे कळले नाही. ते वाक्य मला अजून बोचते.

पुढे क्लबाच्या मास्तरांनी तिचे जुने पिस्तुल पुन्हा तिच्या हाती दिले, मी आणलेल्यास लहान मूठ मागवून बसविली, आणि ती परत रेंजवर जाऊ लागली. ह्या अनुभवावरून जे शिकलो ते थोडक्यात मांडतो.

पहिले पिस्तुल क्लबाचेच असावे. निदान सहा महिने त्यावर सराव झाल्यावाचून विकत घेण्याचा विचार करू नये. घेताना मूल सोबत हवे. मूठ डाव्या हाताची की उजव्या हाताची, लहान की मोठी, हे त्याच्या पंजाने ठरवावे, आपल्या आशेने नव्हे. डोळे मिटून पिस्तुल उचलावे आणि मग उघडावे. माशी खाचेत आपोआप आली तर मूठ जुळली म्हणावे. नियमाने वजनाची कमाल मर्यादा दीड किलोची आहे; लहान हातास किलोच्या आतले बरे. चाप निदान ५०० ग्रॅमचा भार पेलणारा असावा लागतो. त्याहून हलका केलेला चाप स्पर्धेत चालत नाही. स्प्रिंगचे स्वस्त पिस्तुल अंगणातील करमणुकीस ठीक, पण त्याचा हिसका नवशिक्याची सवय बिघडवितो. एका दाबात हवा भरणारे जुने पण चांगले पिस्तुल मिळाल्यास ते उत्तम. मात्र प्रत्येक बारापूर्वी दांडा दाबण्याइतके बळ मुलाच्या हाती आहे ना, हे पाहावे. वापरलेले नळकांड्याचे पिस्तुल घेताना नळकांड्यावरील तारीख वाचावी. त्याची मुदत बहुधा दहा वर्षांची असते. इलेक्ट्रॉनिक चापाचा मोह पहिल्या खेपेस टाळावा. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये मनू भाकरसारख्या खेळाडूची ऐन स्पर्धेतील कित्येक मिनिटे तशाच बिघाडाने गेली होती.

कायद्याचेही भान हवे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील २०१६ च्या नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० जूलपर्यंत शक्ती असलेल्या हवेच्या शस्त्रास परवाना लागत नाही. तरी पावती जपून ठेवावी. परवाना नाही म्हणून ते खेळणे ठरत नाही. घरी ते नेहमी रिकामे व कुलपात असावे, त्याची नळी कोणाकडेही रोखू नये, आणि शिशाचे छर्रे हाताळल्यावर हात धुतल्यावाचून घासास शिवू नये.

मंडळाच्या कार्यकारिणीस एक नम्र सूचना आहे. प्रत्येक कुटुंबाने कर्ज काढून स्वतंत्र पिस्तुल घेण्यापेक्षा शिक्षण निधीतून वेगवेगळ्या मुठींसह एक चांगले पिस्तुल जवळच्या क्लबाच्या स्वाधीन करावे. होतकरू मुलामुलींनी त्यावर शिकावे, आणि ज्याचा नेम वर्षभर टिकेल त्यास पुढे मदत द्यावी. म्हणजे गरिबाच्या मुलीस केवळ साधनावाचून मागे राहावे लागणार नाही, आणि माझ्यासारख्या आजोबाच्या उतावळेपणाचा भुर्दंडही कोणा मुलास भोगावा लागणार नाही.

माझी नात हल्ली सकाळी बारा नमस्कार घालते आणि मग भिंतीसमोर रिकामे पिस्तुल उचलून दहा-पंधरा मिनिटे माशी न्याहाळीत उभी राहते. पदक मिळेल की नाही हे देव जाणे. हात मात्र आता हलत नाही.