पाय गार पडले होते

संध्याकाळी ७:३०

महाडपासून आत, डोंगराच्या कडेची वाडी. भात कापून झालंय, खळ्याशेजारी पेंढा रचलाय. आठ वर्षांचा मुलगा गुरांना घालायला पेंढा ओढतो आणि किंचाळतो. डाव्या हाताच्या बोटाला विंचू चावला आहे. कंदिलाच्या उजेडात तो सापडतो: लहानसा, तांबूस, नांगी उगारलेला. वडील त्याला चपलेने ठेचतात.

ही रात्र १९७० च्या दशकातली, रायगड जिल्ह्याचं नाव अजून कुलाबा होतं तेव्हाची. ती कोणा एका मुलाची नाही. तांबड्या विंचवाचं विष ज्या क्रमाने अंगात चढतं, आणि त्या काळी घर, भगत, दवाखाना यांत जे तास निघून जात, ते इथे ओळीने मांडले आहेत. पुढच्या आठ-नऊ तासांत मुलाला वाचवायची संधी अनेकदा येते. दर वेळी ती नुसत्या हाताने चाचपून कळण्याजोगी असते. म्हणून हा हिशेब तासातासाने करायचा.

संध्याकाळी ७:४५

मुलगा ओकतो, पुन्हा ओकतो. कपाळावर, छातीवर घाम इतका की सदरा पिळून काढावा. तोंडातून लाळ गळते. आई म्हणते, भ्यायलाय.

कोकणात लोकांना मोठ्या काळ्या विंचवाचं भय जास्त. तो दुखवतो खूप, जीव क्वचितच घेतो. तांबडा विंचू, शास्त्रीय नावाने हॉटेंटोटा टॅम्युलस, वेगळा. त्याचं विष मज्जातंतूंवरची सोडियमची दारं उघडीच धरून ठेवतं. मज्जातंतू थांबायचं विसरतात आणि संदेशामागून संदेश सोडत राहतात. आधी घाम, लाळ, ओकारी. पाठोपाठ अ‍ॅड्रिनलिन आणि नॉरअ‍ॅड्रिनलिनचा पूर. हातापायांतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि त्या आवळलेल्या नळ्यांत रक्त ढकलण्याचं काम एकट्या हृदयावर येतं.

रात्री ८:३०

भगत आला आहे. विंचू उतरवायचं चाललंय. भगताला नावं ठेवणं सोपं आहे, पण जवळचा दवाखाना डोंगर उतरून पलीकडे, गाडी नाही आणि अंधार पडलेला. शिवाय भगताच्या हातून पुष्कळ लोक बरे होतात, कारण बहुतेक दंश मुळातच अंगभर पसरत नाहीत. ज्याचं बोट ठणकतं आणि बाकी अंग ठीक असतं, तो सकाळपर्यंत आपोआप उठतो.

रात्री ९:४५

मुलगा रडायचा थांबतो. बोट दाखवून म्हणतो, आता दुखत नाही. घरभर सुटकेचा श्वास. भगत उठतो. शेजारी घरोघर जातात.

सगळ्या रात्रीतला हा सर्वांत फसवा क्षण. विष अंगभर पसरलेल्या रोग्याला दंशाच्या जागी फारसं दुखत नाही, हे पुढे महाडच्याच नोंदींनी दाखवलं. ज्याचं बोट ठणकतंय आणि पाय गरम आहेत त्याची काळजी कमी. ज्याचं दुखणं थांबलंय आणि पाय गार पडलेत त्याच्या खाटेपासून हलायचं नाही. रोगी बरा होऊ लागला की जागेवरचा ठणका परत येतो. जिथे नर्सिंग शिकवलं जातं तिथे ही एक गोष्ट पहिल्या दिवशी सांगावी, असं मला मनापासून वाटतं. कारण आपण सगळेच दुखण्याच्या आवाजावरून आजाराची खोली ठरवतो, आणि इथे तो अंदाज थेट उलटा पडतो.

या घटकेला कुणी मुलाच्या पायाला हात लावला असता तर बोटं बर्फासारखी लागली असती. हाताची पालथी बाजू घोट्यावरून वर सरकवत नेली, तर गारवा कुठे संपतो हेही कळलं असतं. नख दाबून सोडलं तर गुलाबी रंग परत यायला वेळ लागला असता. पायावरची शीर दिसली नसती. मुलगा असेल तर लिंगाला ताठरता येते. तीही ठळक खूण, पण लाजेपायी चड्डी काढून कुणी बघत नाही. यातलं काहीच बघायला यंत्र लागत नाही.

रात्री ११:००

मुलगा मलूल झाला, पुन्हा ओकला. आता दोन पुरुष त्याला झोळीत घालून निघतात.

रात्री १२:१५

आरोग्य केंद्र. कंपाउंडर आणि सिस्टर जागे होतात. रक्तदाबाचं यंत्र आहे, पण पट्टा मोठ्या माणसाचा. लहान दंडाला मोठा पट्टा गुंडाळला की आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. त्यामुळे चढलेला रक्तदाब ‘बरा आहे’ असा नोंदवला जातो. घाम आणि लाळ थांबवायला अ‍ॅट्रोपिन टोचलं जातं. त्या काळी तशीच पद्धत होती. घाम आटतो आणि सगळ्यांना उतार पडल्यासारखं वाटतं, पण हृदयाची धाव आणखी वाढते. गुंगीची औषधं एकत्र करून देण्याचीही रीत होती, तिनेही रोगी नुसता शांत दिसे.

हे लिहिताना त्या सिस्टरवर बोट ठेवायची माझी इच्छा नाही. पुस्तकातच दुसरं काही नव्हतं.

आज हाच मुलगा याच वेळी आला तर काय करायचं ते ठरलेलं आहे, आणि त्यातला मोठा भाग परिचारिकेच्या हातांत आहे. आधी वजन. वीस किलो भरलं तर प्राझोसिन ३० मायक्रोग्रॅम दर किलोला, म्हणजे ६०० मायक्रोग्रॅम: एक मिलिग्रॅमच्या गोळीच्या अर्ध्याहून थोडं जास्त. गोळी साधी हवी. हळूहळू विरघळणारी, रक्तदाबाच्या रोग्यांना देतात ती इथे चालत नाही. मूल ओकत असेल तर गोळी पोटात राहिली का, हे बघून लिहायचं. शुद्ध हरपलेली असेल तर नाकातल्या नळीने द्यायची. गोळी दिल्यावर मुलाला आडवंच ठेवायचं, कारण पहिल्या मात्रेनंतर उभं केलं किंवा उचललं तर रक्तदाब एकदम कोसळतो. आईला मूल मांडीवर घ्यायचं असतं, आणि ‘बाई, उचलू नका, आडवाच राहू दे, हात धरून बसा’ हे तिला दहा वेळा सांगावं लागतं.

मग नाडी, श्वास, रक्तदाब: पहिले तीन तास दर अर्ध्या तासाला, पुढचे सहा तास दर तासाला, त्यानंतर उतार पडेपर्यंत दर चार तासांनी. गोळी दर तीन तासांनी पुन्हा, हातपाय कोमट आणि कोरडे होऊन शिरा दिसू लागेपर्यंत. औषध कधी थांबवायचं हे पायाला लावलेला हात सांगतो. घाम आणि ओकारीने अंगातलं पाणी गेलेलं असतं ते भरून काढायचं, पण फुप्फुसांवर कान ठेवून. तळाशी करकर ऐकू आली की सलाईन आवरायचं.

मध्यरात्रीनंतर १:३०

कोरडा खोकला. मुलगा आडवा राहायला तयार नाही, उठून बसतो. नाडी मोजता येत नाही इतकी जलद. सिस्टर कंदील जवळ आणते. ओठ काळसर.

हृदय थकलंय. पुढे ढकलता न आलेलं रक्त मागे फुप्फुसांत साचतंय आणि त्यातलं पाणी श्वासाच्या पिशव्यांत झिरपतंय. दंशाला सहा तास झाले. काहींना ही अवस्था पहिल्या तासातच येते, पुष्कळांना सहा तासांनंतर. म्हणजे या मुलाला सहा तास मिळाले होते.

मध्यरात्रीनंतर ३:००

गुलाबी फेस.

मध्यरात्रीनंतर ४:१०

मुलगा जातो.

१९६१ ते १९८३ या काळात पश्चिम भारतात नोंदवलेल्या गंभीर दंशांत शंभरातले २५ ते ३० रोगी याच रीतीने, फुप्फुसांत पाणी होऊन गेले.

१९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जालना जिल्ह्यातल्या देहेडचा एक तरुण डॉक्टर रुजू झाला, हिम्मतराव बावस्कर. त्याने सुरुवात केली ती रोग्याजवळ बसून लिहिण्यापासून: कोणत्या तासाला काय दिसलं, घाम कधी, पाय कधी गार पडले, नाडी कधी पळाली, खोकला कधी. औषध हाती यायच्या आधी त्याच्याकडे घटनाक्रम तयार होता. त्यातूनच धोक्याच्या पूर्वखुणांवरचा त्याचा लेख १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. ओकारी, घाम, गार हातपाय यांची नोंद जगातल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात गेली ती रायगडच्या खेड्यातल्या खाटेवरून.

पुढे पोलादपूरच्या ग्रामीण रुग्णालयात फुप्फुसांत पाणी झालेल्या मुलांना डॉ. बावस्करांनी सोडियम नायट्रोप्रुसाइडचं ठिबक लावलं. हे औषध आवळलेल्या रक्तवाहिन्या काही क्षणांत सैल करतं, आणि बंद केलं की काही मिनिटांत त्याचा असर जातो. उजेडाने ते बिघडतं, म्हणून बाटली आणि नळी झाकून ठेवायची. थेंब मोजायचे, रक्तदाब घ्यायचा, पुन्हा थेंब मोजायचे. शहरात हे काम अतिदक्षता विभागात पंप आणि मॉनिटर करतात. इथे खाटेशी जागणारं माणूस करत होतं. नजर हलली तर औषधच मारील, इतकं ते धारदार. म्हणूनच तोंडाने देता येईल, स्वस्त असेल, कुठल्याही केंद्रात ठेवता येईल असं औषध हवं होतं. रक्तवाहिन्या आवळणारे अल्फा ग्राहक बंद करणारं प्राझोसिन ते ठरलं. डॉ. हिम्मतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याबद्दल लिहिलं. १९८४ पासूनच्या त्यांच्या रोग्यांत मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या खाली आलं. २०२२ मध्ये डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली.

गोळी मिळाली म्हणून सगळं सोपं झालं असं नाही. उशिरा येणारी मुलं अजूनही येतात. मग खाटेचं डोकं उंच करायचं, ऑक्सिजन, घट्ट मास्कने दाबाखाली हवा. घाबरलेलं मूल तो मास्क ओरबाडून काढतं, आणि त्याला समजावत तो चेहऱ्यावर टिकवणं हीच मोठी शुश्रूषा. रक्तदाब पडला तर डोब्युटामिन, तेही थेंबाथेंबाच्या हिशेबाने. हृदयाचे स्नायू दमलेले असतात, म्हणून पाय कोमट झाल्यावरही लगेच घरी सोडत नाहीत.

२०११ मध्ये ‘बीएमजे’त महाडच्या रुग्णालयातल्या ७० रोग्यांचा अभ्यास आला. अर्ध्यांना नुसतं प्राझोसिन, अर्ध्यांना त्याच्याबरोबर विंचवाची प्रतिविष लस. दहा तासांनी लस मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण पूर्ण सावरले होते, नुसत्या गोळीवरच्या ३५ पैकी ८. सावरायला लागलेला सरासरी वेळ ८ तास, नाहीतर १७.७ तास. लोक हे आकडे वाचून औषधांची तुलना करतात. मी ते रात्रपाळीच्या बाजूने वाचते. ग्रामीण रुग्णालयात रात्री एकच सिस्टर असते. तिच्या एका खाटेवर विंचू चावलेलं मूल आणि पलीकडे कळा सुरू झालेली बाई. दर अर्ध्या तासाच्या नोंदी, पायाला हात, तीन तासांची गोळी, सगळं तिच्याकडे. तिथे वाचलेले नऊ-दहा तास म्हणजे त्या बाईच्या खाटेजवळ उभं राहायला मिळालेला वेळ. प्राझोसिन आणि लस दोन्ही तिच्या कपाटात असायला हवीत, आणि लहान मुलाच्या दंडाचा पट्टाही.