वाळलेला हात आणि डॉ. पॉल ब्रँड



मार्कच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात, सभास्थानात बसलेला वाळलेल्या हाताचा मनुष्य आपल्याला भेटतो. तो भाग वाचला की मला डॉ. पॉल ब्रँड आठवतात.

त्यांचा जन्म १९१४ साली दक्षिणेतल्या कोल्ली डोंगरात, मिशनरी आईवडिलांच्या पोटी झाला. वडील १९२९ मध्ये तापाने गेले. आई मात्र नव्वदी ओलांडेपर्यंत डोंगरातल्या लोकांतच राहिली. पॉल इंग्लंडमध्ये आधी बांधकाम आणि सुतारकाम शिकले, डॉक्टरकी नंतर. १९४६ मध्ये ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शस्त्रक्रिया शिकवायला आले.

एकदा चिंगलपेटच्या कुष्ठधामात त्यांनी एका रोग्याच्या आखडलेल्या हातात आपला हात दिला आणि जोराने दाबायला सांगितले. नखे अशी रुतली की डॉक्टर कळवळले. बोटे वाकडी, पण पकड शाबूत! म्हणजे सगळे स्नायू मेलेले नव्हते. मग धडधाकट स्नायूंच्या शिरा बोटांकडे वळवून जोडण्याची शस्त्रक्रिया त्यांनी सुरू केली आणि मिटलेले हात उघडू लागले.

पण सरळ झालेल्या बोटांना पुन्हा जखमा होत. काहींच्या बोटांचे तुकडे रात्रीतून नाहीसे होत. पाळत ठेवली तेव्हा कळले, उंदीर कुरतडत होते आणि झोपलेल्याला काहीच कळत नव्हते. त्यानंतर रोग्यांना मांजरे दिली. कुष्ठरोगाने बोटे झडतात असे आपल्या घरांतून सर्रास म्हणतात, मीही म्हणत असे. खरे म्हणजे वेदना कळत नाही, म्हणून भाजते, कापते, चिघळते. हे ब्रँड यांनी दाखवून दिले. १९६६ नंतर अमेरिकेत कारव्हिल येथे हेच ज्ञान मधुमेहींचे पाय वाचवायला कामी आले.

त्यांच्या विद्यार्थ्यांत डॉ. मेरी वर्गीस होत्या. स्त्रीरोगतज्ज्ञ व्हायचे त्यांच्या मनात होते. १९५४ मध्ये मोटार अपघातात त्यांचे कमरेखालचे शरीर लुळे पडले. हातांची शस्त्रक्रिया बसूनही करता येते, हे गुरूंनी त्यांना सुचवले. चाकाच्या खुर्चीत बसून त्या कुष्ठरोग्यांची बोटे सरळ करू लागल्या. पुढे न्यूयॉर्कला पुनर्वसनशास्त्र शिकून त्या परतल्या आणि वेल्लोरलाच तो विभाग त्यांनी उभा केला.